पौडच्या पुढच्या पंक्चरवाल्या मामांना

स. न. वि. वि.

मामा, चेहरा आठवणार नाही कदाचित, पण गाडीच्या टपावरची लाल होडी आठवेल. जानेवारीतला शनिवार, मागचं डावं चाक. तुमचा भाचा तुम्हाला मामा म्हणतो, म्हणून आता मीही तेच म्हणतेय.

तेव्हा पुण्यात येऊन मला तीन आठवडे झाले होते. त्याआधी तीन वर्षं ऋषिकेशला. शिवपुरीच्या खाली, 'रोलर कोस्टर' आणि 'गोल्फ कोर्स' असल्या नावांच्या रॅपिडांत, म्हणजे खळाळत्या उतारांत, कयाक (एकट्याने वल्हवायची छोटी होडी) शिकले. बदली झाली, भिडे पुलावरून पहिल्यांदा मुठा पाहिली आणि होडी विकून टाकावी असंच वाटलं. सह्याद्रीतल्या नद्या म्हणजे चार महिने पूर आणि आठ महिने गोटे. तरी शनिवारी होडी टपावर बांधून निघायचे. (सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती ठेवू देत नव्हते, हेही एक कारण.)

तुम्ही चाकाला प्लग मारलात आणि विचारलंत, "ताई, एवढी होडी, पण पाणी कुठाय?" मी हसले आणि सहज म्हणून आतली एअरबॅग दाखवली. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून शेपटाकडे फुगवून ठेवतात ती. माझी रात्रभरात बसायची. तुम्ही ती घमेल्यात दाबलीत. शिवणीपाशी मोहरीएवढा बुडबुडा आला, त्यावर अंगठा ठेवलात. "सापडलं. पण ह्याला आपलं सोल्यूशन धरायचं नाही. भाचा रावळज्याला राफ्टवर असतो, त्याच्याकडं गोंद आहे."

त्या गोंदासाठी मी ताम्हिणी उतरले. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी रावळज्याच्या कुंडलिका नदीत येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही धावते, हे मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. भाच्याने गोंद दिला, वर राफ्टींबरोबर राखणीला कयाक घेऊन जाणाऱ्या पोरांशी गाठ घालून दिली. पहिल्याच दिवशी माझा रोल, म्हणजे उलटलेली होडी आत बसूनच सरळ करणं, दोनदा फसला. नाकात पाणी, होडी एकीकडे, मी दुसरीकडे. पाण्यात पडलेल्याला ओढायला फेकतात त्या थ्रो बॅगची दोरी नेमकी खांद्यावर येऊन पडली. फेकणारा पोरगा म्हणाला, "गंगेतपण असंच करायचात का?" आता रविवारी आम्ही पाच जण असतो.

भाच्याचा नंबर लिहून देताना तुम्ही म्हणालात, "पाणी आमचंच आहे, जपून खेळा." तेव्हा कळलं नाही. मुळेचं पाणी मुळशीला अडवून भिऱ्याला खाली सोडतात. पुण्याकडे यायचं ते कोकणात उतरतं आणि रेवदंड्यापाशी समुद्राला मिळतं. ह्याच धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला. तुमच्या आजीचं माहेर त्या पाण्याखाली आहे, हे भाच्याने सांगितलं. तुम्ही त्यातलं काही बोलला नाहीत. नंबर दिलात, आणि पैसे फक्त प्लगचे घेतलेत.

ते राहून गेलेलं आभाराचं आज लिहितेय.

एअरबॅग अजून धरून आहे. दुसऱ्या बाजूची मात्र परवापासून बसायला लागलीय. येत्या रविवारी पहाटे सहाच्या सुमारास तुमच्यावरून जाईन. चहा माझ्याकडून, घमेल्यात पाणी भरून ठेवा.

आपली,
लाल होडीवाली, कोथरूड