सभासदांस सूचना : दहशतवादी मजकूर पुढे पाठविण्याबाबत

फोंडा येथील आपल्या वाचनालयाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मंगळवारी रात्री आपल्या मोबाइलवरील संदेश-गटावर तोंड झाकलेल्या, हाती बंदूक घेतलेल्या माणसाच्या भाषणाची चित्रफीत आली होती, ती काढून टाकण्यात आली आहे. ‘नुसते बघा, किती भयंकर आहे’ अशी ओळ वर लिहून ती पाठविणाऱ्या सभासदाचा हेतू वाईट नव्हता, याबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु अशा चित्रफिती हातोहात पसरतात त्या बहुधा याच भाबडेपणामुळे. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी मशिदींवर झालेल्या हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणाच्या सुमारे १५ लाख प्रती फेसबुकला पहिल्या २४ तासांत हटवाव्या लागल्या होत्या.

बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ च्या कलम १८ नुसार दहशतवादी कृत्यास चिथावणी देणाऱ्यास किमान ५ वर्षे ते जन्मठेप, तर कलम ३९ नुसार दहशतवादी संघटनेचे कार्य पुढे नेण्याच्या हेतूने तिला पाठिंबा देणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी गटचालक (ॲडमिन) केवळ त्या पदामुळे दोषी ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तरीही आम्ही त्या आडोशाला बसणार नाही.

असा मजकूर आल्यास तो गटावर न टाकता, पाठविणाऱ्याचा क्रमांक व वेळ टिपून रायबंदर येथील सायबर गुन्हे पोलीस ठाण्यास कळवावे. पुरावा पुसू नये.

— कार्यवाह