दरड कोसळण्याआधीच्या रात्रीसाठी मदत करा

सप्रेम नमस्कार.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणला गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलंच नाही. दीडशेच्या आसपास माणसं मातीखाली गेली. मग २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये गेलं, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. इर्शाळवाडीचं नाव तर दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतही नव्हतं. म्हणून आपलं नाव यादीत आहे का, हे विचारत बसायचं नाही, असं आमच्या ग्रामआपत्ती समितीने ठरवलं आहे.

आमच्या वाड्या सह्याद्रीच्या उतारावर आहेत. खाली काळा कातळ, वर माती-मुरुमाचा थर. १०० मिलिमीटर पाऊस झाला की एका एकरावर चार लाख लिटर पाणी पडतं. ओढे मोकळे असतील तर त्यातलं बरंच वाहून जातं. वाट बुजलेली असेल किंवा घरासाठी, रस्त्यासाठी उताराचा पायथा तोडलेला असेल, तर मुरलेल्या पाण्याने जड झालेली माती कातळावरून सुटते.

मागच्या पावसाळ्यात वरच्या वाडीमागे करवंदीच्या जाळीखाली बोटभर रुंद भेग दिसली. पोरांनी तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि रोज टेपने अंतर मोजायला लागली. चौथ्या दिवशी ते दोन बोटांनी वाढलेलं होतं. त्याच संध्याकाळी आम्ही सगळी वाडी खालच्या शाळेत आणली. दरड आली नाही, देवाची कृपा. पण त्या रात्री वीज गेलेली, सतरंज्या पुरेनात, लेकरं ओल्या कपड्यांत कुडकुडत होती. मध्यरात्री तीन म्हातारी माणसं भर पावसात परत वर निघाली. त्यातले एक आजोबा म्हणाले, "गुरं दावणीला आहेत, मी इथं कसा झोपू?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आमची पहिली मागणी शाळेजवळच्या गोठ्याची आहे. पत्रे, बांबू, ताडपत्री, थोडी वैरण. गुरं सुरक्षित असली की माणसं घर सोडायला तयार होतात, हे अनुभवाचं बोलणं आहे. त्याखेरीज सतरंज्या, ब्लँकेट, सोलर दिवे आणि प्रत्येक वाडीसाठी एक हातभोंगा व एक पर्जन्यमापक हवा आहे. तालुक्याच्या ठिकाणी पडलेला पाऊस आमच्या डोंगरावरच्या पावसाशी जुळतोच असं नाही. आमचा पाऊस आम्हालाच मोजायला हवा.

दरड पडल्यावर महाराष्ट्र मदतीला धावतो, ब्लँकेटांचे ढीग लागतात. त्यातलं एक ब्लँकेट मृगाआधी मिळालं तर त्याची किंमत फार मोठी आहे.

वस्तू किंवा पैसे देणं जमत नसेल तर वेळ द्या. ज्यांच्याकडे जीप किंवा ट्रॅक्टर आहे त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये रात्री-अपरात्री बोलावलं तर येऊ, एवढा शब्द द्यावा. भूगर्भशास्त्राच्या जाणकारांनी एक दिवस येऊन आमचा उतार पाहावा, भेगा कुठे मोजायच्या ते पोरांना दाखवावं. मुंबई-पुण्याला असलेल्या आपल्या मंडळींनी घरच्या म्हाताऱ्यांना फोन करून सांगावं, की भोंगा वाजला की निघायचं. आमच्यापेक्षा ते तुमचं ऐकतात.

डोंगरालगत राहणाऱ्या सगळ्यांनाच विनंती: जमिनीला नवी भेग पडली, झाड किंवा विजेचा खांब कलला, दारं-खिडक्या एकाएकी अडकू लागल्या, ओढ्याचं पाणी अचानक गढूळलं किंवा भर पावसात आटलं, तर सकाळची वाट पाहू नका. बाहेर पडा आणि १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा.

साहित्य आणि रोख मदत २५ मेपर्यंत ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी व पावती जरूर घ्यावी. जमाखर्च कार्यालयाबाहेरच्या फलकावर दर आठवड्याला लागेल. गोठ्याचं काम २६ मेला सकाळी सुरू होईल. ज्यांना श्रमदान करायचं आहे त्यांनी पहार, फावडं घेऊन शाळेजवळ यावं.

आपली,
ग्रामआपत्ती व्यवस्थापन समिती