डॉक्टर मॅडम, आईला इतकं खोदून विचारलंत म्हणून

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईची मळमळ थांबली. आता दोन वेळा नीट जेवते. औषधांबद्दल आभार आहेतच, पण त्याआधी तुम्ही जे प्रश्न विचारलेत, त्यांचे जास्त.

तोवर सगळ्यांनी 'पित्त आहे' म्हणून विषय मिटवला होता. ॲसिडिटीच्या आणि उलटीच्या गोळ्या चालू होत्या. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, की पुन्हा ताट समोर आलं की हिचं तोंड वाकडं. तुम्ही मात्र उलटीत नेमकं काय पडतं, इथून सुरुवात केलीत. हिरवं पाणी? रक्त, किंवा कॉफीच्या गाळासारखं काळपट काही? सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं? छातीत दुखतं? पोट फुगतं? आई नाही-नाही म्हणत गेली. मग लघवीचं विचारलंत. म्हणाली, रात्रभर उठबस चालू असते आणि तहान काही भागत नाही.

तिथे तुम्ही लिहिता लिहिता थांबलात. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की लघवीही कमी व्हायला हवी. हिची वाढली होती. वर बद्धकोष्ठ. शुगर तिथल्या तिथे पाहिलीत, ती ठीक निघाली. मग म्हणालात, "घरातली सगळी औषधं आणा, ताकदीचीसुद्धा."

त्यात व्हिटॅमिन डीच्या 60,000 युनिटच्या कॅप्सूल सापडल्या. गुडघेदुखीसाठी आठवड्याला एक घ्यायची होती, आई रोज घेत होती. (या कॅप्सूलना ती औषध समजतच नव्हती, म्हणून आधी कुणाला सांगितलंही नाही.) व्हिटॅमिन डी फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि मळमळ, तहान, जास्त लघवी, बद्धकोष्ठ हे सगळं त्यातूनच. ते कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5 असावं, तिचं तेराच्या वर गेलेलं. किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिनही वाढलेलं.

कॅप्सूल बंद झाल्या, दाखल करून सलाईन लावलंत. हे जीवनसत्त्व अंगातल्या चरबीत साठून राहतं, त्यामुळे बंद केल्यावरही कॅल्शियम आठवडेच्या आठवडे चढं राहू शकतं, हे तुम्ही तिला तिच्या भाषेत समजावलंत. म्हणून पुन्हा पुन्हा रक्त द्यायला ती कुरकुर करत नाही. निदान फारशी नाही.

पुढच्या रिपोर्टसह येतोच. आईने आशीर्वाद कळवलेत, आणि गुडघ्यांचं आता काय करायचं, तेही विचारायला सांगितलंय.

आपला कृतज्ञ,
तुमच्या पेशंटचा मुलगा