वेल्सला जाऊन आले

ब्रिस्टल,
१३ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे, हे सर्वांत आधी लिहिते, कारण गेल्या रविवारी माझा फोन लागला नाही म्हणून आईने रात्री जेवण केले नाही, असे सुशांतकडून समजले. डोंगरातल्या रस्त्याला रेंज नव्हती, एवढेच झाले होते. ड्यूटीचे, डब्याचे आणि थंडीचे तुम्हांला सगळे ठाऊक आहे आणि त्यात काही बदल नाही. दुसऱ्या दिवशी मी 'वेल्सला जाऊन आले' म्हटल्यावर आईने विचारले की सुट्टीच्या दिवशी झोप काढायची सोडून चर्चमध्ये जाऊन काय करतेस. त्याचे उत्तर दोन मिनिटांत देता येईना, म्हणून हे पत्र.

हे वेल्स म्हणजे नकाशात शेजारी दिसणारा देश नव्हे. विहिरींवरून आणि झऱ्यांवरून नाव पडलेले हे गाव वाईपेक्षाही लहान आहे. परंतु तेथे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, असल्यामुळे त्याला शहर म्हणतात. झऱ्यांचे पाणी आजही बाजारपेठेच्या कडेने पन्हळीतून वाहते, कारण १४५१ मध्ये तेथल्या बिशपने ते गावकऱ्यांना देऊन टाकले होते. पलीकडे बिशपच्या वाड्याभोवती खंदक आहे, आणि त्यातले हंस खाणे हवे असले की चोचीने दोरी ओढून घंटा वाजवतात. मेणवलीची घंटा आठवून मला हसू आले. हंस मात्र त्या दिवशी पोटभर जेवलेले असावेत. तासभर थांबूनही त्यांनी दोरीकडे पाहिले नाही, त्यामुळे तो फोटो नाही.

मी गेले होते ते एका जिन्यासाठी. फ्रेडरिक एव्हान्स नावाच्या माणसाने १९०३ मध्ये या कॅथेड्रलमधल्या दगडी जिन्याचा फोटो काढला आणि त्याला 'पायऱ्यांचा समुद्र' असे नाव दिले. येथल्या वाचनालयात एका पुस्तकात तो पाहिल्यापासून माझ्या डोक्यातून जात नव्हता. जिना वर जाताना उजवीकडच्या पायऱ्या लाटेसारख्या वळून अष्टकोनी सभागृहाच्या दाराशी जातात, उरलेल्या सरळ वर चढत पुढच्या पुलाकडे जातात, आणि शतकानुशतके माणसांची पावले पडून दगड मधोमध इतके झिजले आहेत की पाऊल आपोआप त्या खळग्यात बसते. आई, आपल्या घाटावर नदीकडे उतरताना पाय न बघता जागा शोधतो ना, तसेच. आभाळ भरलेले असल्यामुळे उजेड फार कमी होता. तरी कठड्याला पाठ टेकून, श्वास रोखून मी पुष्कळ फोटो काढले. त्यांतले तीन बरे आहेत. एव्हान्सच्या फोटोत कोणी माणूस नाही आणि माझ्या प्रत्येक फोटोत कोणाचा तरी जाकीट घातलेला खांदा आहे, एवढा फरक सोडून दिला पाहिजे.

हा एव्हान्स लंडनमधला पुस्तकविक्रेता होता आणि १८९८ मध्ये दुकान सोडून पूर्णवेळ फोटोंच्या मागे लागला. हे वाचून बाबांच्या कपाळाला आठी पडेल, म्हणून लगेच लिहिते की माझ्या मनात तसे काही नाही. त्यालाही शेवटी हौस परवडली नाहीच. तो प्लॅटिनमच्या कागदावर छपाई करी, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तो कागद महाग व दुर्मिळ झाल्यावर त्याने हे काम जवळजवळ थांबवले.

बाबांना आवडेल अशी गोष्ट वेगळीच आहे. कॅथेड्रलच्या मधल्या मनोऱ्याची उंची १३१३ पासून वाढवायला घेतली, तेव्हा वजनाने पाया खचून मनोरा कलू लागला. मग १३३८ ते १३४८ या दहा वर्षांत विल्यम जॉय नावाच्या गवंड्याने आत कात्रीसारख्या कमानी घातल्या, म्हणजे एका कमानीवर दुसरी उलटी ठेवली. लोक त्याला सौंदर्य म्हणून पाहतात आणि सगळे त्याचाच फोटो काढतात. मला मात्र परसातली खचलेली भिंत आणि तिला लावलेल्या दोन बल्ल्या आठवल्या. येथला टेकू पावणेसातशे वर्षे टिकला म्हणून आपला टिकेल असे समजू नका.

मी एकटीच गेले होते. मैत्रीण बरोबर होती असे लिहिणे सोपे होते, पण आई आवाजावरून ओळखतेच. काळजीचे कारण नाही. ब्रिस्टलहून ३७६ क्रमांकाची बस थेट जाते, दिवसाउजेडी जाऊन दिवसाउजेडी परत येता येते, आणि वाटेतल्या टेकड्यांना हे लोक डोंगर म्हणतात, पण पसरणीचा घाट चढवणाऱ्या माणसाच्या मुलीला त्याची भीती वाटण्यासारखे काही नाही.

बसवरून आठवले. ब्रिस्टलच्या लोकांची एक रीत मला वर्षभर समजली नव्हती. येथे बसला कंडक्टर नसतो, डबल बेल नसते. पुढच्या दाराने चढायचे, ड्रायव्हरकडूनच तिकीट घ्यायचे आणि त्याच दाराने उतरायचे. उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला 'चिअर्स, ड्राइव्ह' म्हणतो. शाळेची मुले म्हणतात, कानात गाणी लावलेले तरुण म्हणतात, बस उशिरा आली म्हणून सगळी वाट कुरकुरणारी म्हातारी माणसेही म्हणतात. 'ड्राइव्ह' हे ड्रायव्हरचेच लाडके रूप आहे. मला आधी ते त्या माणसाचे आडनाव वाटले होते. हे शब्द कपांवर छापून विकतात, इतके ते या गावाचे आहेत. मी पहिल्यांदा 'थँक यू, सर' म्हटले तेव्हा ड्रायव्हर चमकून आरशात पाहू लागला. आता मीही त्यांच्यासारखेच म्हणते. बाबा, तुम्ही ३१ वर्षे गाडी चालवलीत. उतारू मागच्या दाराने उतरून जात आणि तुम्ही जाळीपलीकडे पुढे तोंड करून बसलेले असायचात. मी कॉलेजला तुमच्याच गाडीने किती वेळा आले असेन, आणि स्टँडवर उतरून मैत्रिणींबरोबर तशीच निघून जात असे. असो.

आता कामाचे. भिंतीसाठी एक लाख पाठवते म्हटले होते, त्यांपैकी ६० हजार काल पाठवले आहेत. उरलेले पुढच्या महिन्यात नक्की. कॅमेरा जुना घेतला असे सांगितले होते ते खरे आहे, पण किंमत सांगितली नव्हती. तो ४० हजारांना पडला. हिशोब तुमच्या लक्षात येईलच, म्हणून मीच लिहिते. गवंड्याला दिवाळीआधी बोलवा, पैशासाठी थांबू नका.

दिवाळीला येणे जमत नाही, कारण लहान मुले असलेल्यांनी सुट्टी आधीच मागितली होती. फेब्रुवारीत तीन आठवडे येईन. कराडच्या स्थळाविषयी मी नाही म्हटलेले नाही. फेब्रुवारीपर्यंत थांबायला त्यांची हरकत नसेल तर भेटू, असे मावशीला कळवावे. त्यांनी फोटो मागितला आहे, आणि आई म्हणते की दिवसभर कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्या मुलीजवळ स्वतःचा एक फोटो नसावा, हे तिला पटत नाही. शोधून पाहिले, खरेच नाही. म्हणून वेल्सच्या जिन्यावर भेटलेल्या एका आजींना कॅमेरा हातात देऊन एक काढून घेतला, तो सोबत पाठवत आहे. जिना उत्तम आला आहे. माझा चेहरा जरा अंधारात आहे, पण अंगात आईने विणलेला स्वेटर आहे तो ओळखू येईल.

तुमची,
मनीषा