आप्पांचं रिव्हॉल्व्हर मालखान्यात पडून आहे

माननीय संपादक साहेब,

नमस्कार. पेपरला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या. विषय माझ्या वडिलांच्या हत्याराचा आहे, पण असं हत्यार अजून कितीतरी घरांतून पोलीस ठाण्यात गेलं असणार आणि परत आलं नसणार म्हणून लिहितेय.

आमचे आप्पा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीच्या आघाडीवर. जमादार म्हणून बाहेर पडले, म्हणजे आता ज्याला नायब सुभेदार म्हणतात तो हुद्दा. त्याच रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला, आणि आप्पा ती हकिगत सांगायला बसले की आम्ही पोरं जेवायची थांबायचो. सेक्शनची माणसं पडली, घाडगे एकटे मशिनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकला, हातातली टॉमी गन (छोटी मशिनगन) रिकामी झाली आणि मॅगझिन बदलायला वेळच नाही तेव्हा तीच गन उलटी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं आणि मग लपलेल्या स्नायपरच्या गोळ्यांनी ते गेले, वय २२. आप्पा स्वतःबद्दल मात्र काही सांगायचे नाहीत. विचारलं की उठून गोठ्यात जायचे.

१९४७ ला त्यांच्या कंपनीचा इंग्रज साहेब बोटीने परत जाताना स्वतःचं वेब्ली रिव्हॉल्व्हर आप्पांना देऊन गेला, तेच ते, युद्धात त्याच्या कमरेला असलेलं. आप्पांनी ते लगेच परवान्यावर चढवून घेतलं. ते मधून मोडून उघडतं, मुठीच्या खाली दोरी अडकवायची कडी आहे आणि मुठीचा एका बाजूचा खरखरीतपणा हाताने झिजून गुळगुळीत झालाय. माझ्या आठवणीत त्यातून एकदाही गोळी सुटलेली नाही. वर्षातून दोनदा तेल, परत कापडात, परत ट्रंकेत. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की आप्पा ते त्याच कापडात गुंडाळून ठाण्यात जमा करायला जायचे, निकाल लागले की पावती घेऊन परत आणायचे, एकदाही चुकले नाहीत. कायद्याच्या बाबतीत फार कडक माणूस.

२००९ ला आप्पा गेले. तेराव्याच्या आधीच कोणीतरी घाबरवलं की परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गेला म्हणजे हत्यार घरात ठेवणं गुन्हा, मग भाऊ लगेच ते नेऊन ठाण्यात देऊन आला. सांगणाऱ्याचं चूक नव्हतं. शस्त्र कायदा १९५९ चं कलम २१ हेच सांगतं, ताबा बेकायदा झाला की विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा. पण त्याच कलमाचा पुढचा भाग आम्हाला कोणीच सांगितला नाही, की जमा करणारा किंवा त्याचे वारस, ताब्यात ठेवायला कायद्याने पात्र ठरले तर, ठरलेल्या मुदतीत ते हत्यार परत मागू शकतात नाहीतर विकू शकतात, आणि मुदत गेली की जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. आमच्या हातात आलेल्या पावतीवर फक्त हत्याराचा नंबर आणि एक सही. मुदतीचा शब्द नाही. आम्हाला वाटलं निवडणुकीत ठेवतात तसंच ठेवलंय, सवड झाली की आणू. त्यात आईचं आजारपण आलं, वर्षं गेली. यात आमचीही चूक आहे, ती मी मान्य करते.

मग मी चौकशी सुरू केली तेव्हा आधी तर सांगितलं की असं काही रजिस्टरमध्येच नाही. तीन फेऱ्यांनंतर एका वयस्कर हवालदारांनी मनावर घेतलं आणि मालखान्यातून, म्हणजे ठाण्यातल्या जमा वस्तूंच्या कोठारातून, ते शोधून काढलं, चिठ्ठी लावलेलं. त्यांचे उपकार विसरणार नाही. पुढे परवाना शाखेत कळलं की हे प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सर्वसामान्यांना मनाई असलेल्या नळीच्या मापात येतं, कारण त्यात .३८० चं लष्करी काडतूस बसतं, त्यामुळे जिल्ह्याच्या पातळीवर परवानगी होत नाही, केंद्र सरकारकडे जावं लागतं. ठीक आहे, वारसांची संमती, प्रतिज्ञापत्रं, भावाच्या नावाने अर्ज, सगळं केलं. भावाकडे शेतीसाठी एक बंदूक आहेच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारसाहक्काने आलेलं धरूनसुद्धा, म्हणजे आमचं नशीब की दुसरी जागा मोकळी होती. अर्ज गेलाय, उत्तर नाही. आणि आता कानावर आलंय की पडून असलेल्या बेवारस हत्यारांची यादी तयार होतेय, नष्ट करायला. बेवारस! मी दर महिन्याला त्या ठाण्यात जाऊन बसते हो.

माझं भांडण कायद्याशी नाही. घरोघरी चालू रिव्हॉल्व्हर पडलेली मलाही नको आहेत, नातवंडं आहेत माझ्या घरात. माझं म्हणणं एवढंच आहे की मेलेल्या माणसाचं हत्यार जमा करून घेताना समोरच्याला त्याच पावतीवर मराठीत लिहून द्या की अमुक तारखेच्या आत अर्ज करा नाहीतर हे सरकारजमा होईल. एका रबरी शिक्क्याचं काम आहे ते. सरकारजमा करायच्या आधी वारसाला नोटीस देऊन ३० दिवसांत म्हणणं मांडायची संधी द्यायची असं कायद्यातच आहे, पण ती नोटीस बंद पडलेल्या जुन्या पत्त्यावर पाठवून काय उपयोग, पावतीवर फोन नंबर घ्या ना.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आम्हाला गोळ्या झाडायच्याच नाहीत. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यात सोय आहे, लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या अधिकृत संस्थेचा शिक्का आणि दाखला असला की ते हत्यार कायमचं निकामी झालंय असं धरतात आणि मग ती एक वस्तू म्हणून घरात ठेवता येते. आपल्याकडेही कलम ४५ मध्ये जुनाट, पुरातन किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशांनाच. आप्पांनी तेल घालून घालून ते इतकं नीट ठेवलं की ते चालतं, म्हणून ते त्या सुटीत बसत नाही. हे मला फार लागतं. सरकारी कारखान्यात न्या, नळी बुजवा, घोडा कापा, आमच्यासमोर करा, खर्च आम्ही देतो, पण मग ते वारसाच्या हातात द्या. तेही जमत नसेल तर बेळगावला रेजिमेंटच्या संग्रहालयाला विचारा, तिथे कपाटात राहिलं तरी मी जाऊन बघून येईन. भट्टीत घालू नका.

ज्यांच्या घरी अजून वडील, आजोबा आहेत आणि परवान्याचं हत्यार आहे त्यांनी एक करा. २०१६ च्या शस्त्र नियमांत नियम २५ आहे, परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो. म्हातारी माणसं हा विषय काढत नाहीत आणि पोरांना काढायला बरं वाटत नाही, जणू मरणाची वाट बघतोय असं वाटतं. तरी काढा. त्यांच्या सहीने जे काम होतं ते नंतर दहा जणांच्या सह्यांनी होत नाही. आणि विषय काढाल तेव्हा ते हत्यार कुठून आलं, कोणी दिलं, हेही विचारून लिहून ठेवा, आम्हाला त्या साहेबाचं आडनावसुद्धा नीट माहीत नाही.

मागच्या वेळी त्या हवालदारांनी मला ते लांबून दाखवलं. अजून आप्पांच्याच कापडात आहे, जुन्या धोतराचा तुकडा, आईने कडा शिवलेला. हात लावायची परवानगी नव्हती, मी मागितलीही नाही. पुढच्या सोमवारी यादीबद्दल लेखी हरकत द्यायला जाणार आहे, आणि हे पत्र छापून आलं तर त्याचं कात्रण अर्जाला जोडणार आहे.

आपली,
एक वाचक