संगणक कक्षातल्या दादांचे मनापासून आभार

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ठाण्यात, कळव्याच्या एका शाळेत आंतरवासितेत सातवीला गणिताचा पाठ होता. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर शिरोबिंदू ओढायचा, कोन बदलताना दाखवायचे आणि बेरीज तीच राहते हे मुलांनाच ओळखू द्यायचं, अशी तयारी होती. निरीक्षक प्राध्यापिका मागच्या बाकावर बसल्या आणि पडदा निळाच! प्रोजेक्टर जुना, त्याला फक्त व्हीजीए ही जुनी जोडणी. माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय ही नवी जोडणी, त्यामुळे वायर जुळेना.

एक मुलगी धावत जाऊन दादांना घेऊन आली. त्यांनी आधी मुलांना वहीत हवा तसा त्रिकोण काढून कोन मोजायला लावलं, मग कपाटातून कन्व्हर्टर काढून जोडला. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडायला सांगितलं. लॅपटॉपला मात्र हात लावला नाही. हळूच म्हणाले, "बाई, तुम्हीच करा, पोरं बघतायत." हे मला फार मोलाचं वाटतं. वर्गासमोर शिक्षिका मीच राहिले. आणि मुलांच्या वहीतल्या त्या त्रिकोणांनी पाठाची सुरुवात माझ्या आखणीपेक्षा छान झाली.

शाळा सुटल्यावर भर पावसात घर गाठायचं असूनही ते थांबले. इंटरनेट नसलं तरी अडू नये म्हणून फायली आधीच कशा उतरवून ठेवायच्या, पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपने कसा उघडायचा, सगळं माझ्याकडून करून घेतलं.

दादा, खूप खूप आभार. आणि कुणी न सांगता धावत गेलेल्या त्या मुलीचेही.