कार्ड उघडत नसेल तर आधी हात लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर नवीन फोन, नवीन कॅमेरे सगळं येतं, पण मेमरी कार्ड अचानक उघडेनासं झालं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं हे तिथे कधी वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात आमच्या कॅमेऱ्याचं कार्ड गेलं. कंप्युटरला लावलं की फॉरमॅट करा असा मेसेज यायचा. दुरुस्तीवाल्याकडे दिलं तर त्याने न विचारता फॉरमॅट मारला, वर चालतंय का बघायला दहा-बारा फोटोही काढले आणि म्हणाला, झालं काम. पण त्यात आजीचे फोटो होते, आणि आजी आता नाहीये.

नंतर वाचून वाचून कळलं की क्विक फॉरमॅटने फोटो पुसले जात नाहीत, कुठला फोटो कुठे ठेवलाय त्याची यादी तेवढी कोरी होते. फोटो खरा जातो तो त्याच जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की. म्हणजे आमचं खरं नुकसान त्या टेस्टच्या फोटोंनी केलं. (विंडोजमध्ये क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट केला तर मात्र सगळीकडे शून्यं लिहिली जातात, मग काहीच हाती लागत नाही.)

फोटोरेक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते यादीकडे बघतच नाही, जेपेग प्रकारची फोटोची फाइल ज्या ठरलेल्या बाइट्सनी सुरू होते, एफएफ डी८, ते शोधत अख्खं कार्ड चाळतं. जुनी फाइलनावं मिळत नाहीत पण फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आतच असते, ती राहते. रात्रभर लावून ठेवलं, बरेचसे फोटो आले. एकात आजी सुईत दोरा ओवतेय, डोळे बारीक केलेत, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून घेतलेलं, आणि हनुवटीच्या खाली सगळा राखाडी पट्टा. हात नाहीत, सुई नाही. तो भाग आता कशानेच येणार नाही.

म्हणून कळकळीने सांगते, कार्ड बिघडलं की लगेच बाहेर काढा, मोठ्या एसडी कार्डाला कडेला लॉकची छोटी खिटी असते ती खाली करा, आधी पूर्ण कार्डाची एक इमेज कॉपी (म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट जशीच्या तशी नक्कल) कंप्युटरवर बनवा आणि त्या कॉपीवरच शोधाशोध करा, सापडलेले फोटो कंप्युटरवर सेव्ह करा, परत त्याच कार्डावर अजिबात नको. कार्ड कशालाच दिसत नसेल किंवा तुटलं असेल तर सॉफ्टवेअरचा उपयोग नाही, ते डेटा रिकव्हरी लॅबचं काम, सारखं आत-बाहेर करून बघू नका.

एवढं एका छोट्या चौकटीत छापा, प्लीज. आणि दुरुस्ती करणाऱ्यांनाही सांगा, कार्ड हातात घेतल्यावर आधी विचारा, आतलं काही हवंय का.

आपली,
एक वाचक